शिसे माती, हात लावू नये

विश्वजीत टिपणीसांनी अर्जातला अकरावा रकाना रिकामा सोडला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं त्यांच्या पत्नी रमाबाई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. रमाबाईंचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न टिपणीसांनी चौतीस वर्षांच्या संसारात दोनदा केला होता. दोन्ही वेळा पुढचे चार दिवस घरात दुधी शिजला. तेव्हा आपणही ते खरं मानून पुढे जाऊ.

अर्ज होता परसबाग स्पर्धेचा. नवीन पनवेलातल्या सोनसळी सोसायटीच्या मागच्या अंगाला जेमतेम दोन गुंठ्यांची मोकळी जागा होती. तिथे पश्चिमेच्या कडेला एक लोखंडी कठडा आणि आत बारा वाफे होते. अळू, पालक, मेथी, चार वांगी, सकीनाभाभींचा पुदिना आणि कुणी लावला हे कबूल न करता सगळेच खुडून नेत तो गवती चहा. टिपणीस या बागेचे निमंत्रक. अध्यक्ष सोसायटीला आधीच होता, म्हणून हा शब्द त्यांनी स्वतःच शोधून काढून स्वतःला दिला होता. गावातल्या एका नागरी मंडळाने स्पर्धा जाहीर केली आणि टिपणीसांनी अर्ज आणला. अकराव्या रकान्यात लिहिलं होतं, 'माती परीक्षण अहवाल (असल्यास)'.

कुणीही शहाण्या माणसाने तिथे आडवी रेघ मारली असती. सोसायटीतल्या सगळ्यांनी तेच सुचवलं. पण टिपणीसांची तेहतीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे अर्ज तपासण्यात गेली होती आणि जो रेघ मारतो तो काहीतरी लपवतो, हे त्यांचं अनुभवाचं सार होतं. 'डोळ्यांचा विकार (असल्यास)' या रकान्यात एकाने बिनधास्त रेघ मारली होती आणि सही मात्र टेबलावर केली होती. त्यामुळे टिपणीस निघाले. श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन घेतला, त्यात बागेतली माती भरली, आणि सरकारी माती परीक्षण केंद्रात गेले.

तिथल्या कारकुनाने सातबारा मागितला. टिपणीस म्हणाले, सोसायटी आहे. कारकून म्हणाला, बरं, पीक कोणतं? टिपणीसांनी अळू, पुदिना आणि गवती चहा असं प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्याकडच्या यादीत भात, नाचणी आणि आंबा एवढंच होतं. भात टाकू का, म्हणून त्याने फार आपुलकीने विचारलं. सोनसळी सोसायटीच्या नावावर खोटा भात लावायला टिपणीसांचं मन धजेना. डबा घेऊन ते परत आले.

ही कहाणी त्यांनी तळमजल्यावरच्या चंद्रावतीबाईंना ऐकवली. चंद्रावतीबाई पाटील म्हणजे मूळ जमीनवाल्या. आज जिथे लिफ्ट आहे तिथे त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. आता बाई दोन फ्लॅट एक करून राहत, वर तीन फ्लॅट भाड्याने दिलेले, आणि सकाळी बागेत खुर्ची टाकून बाकीच्यांची शेती बघत. ती बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव असत त्यांना टिपणीस कौतुक समजत. त्यांची नात ऋचा तळोज्याकडच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती म्हणाली, "द्या काका, मी करून आणते. सगळंच तपासायला टाकते."

त्या 'सगळंच'ने घात केला.

अहवाल आला तो बागेच्या मासिक सभेच्या संध्याकाळी. टिपणीसांनी तो आधी वाचला नाही, कारण महत्त्वाचे कागद सभेतच उघडावेत असं त्यांचं मत होतं. उभे राहून ते वाचू लागले. नत्र, कमी. स्फुरद, कमी. पालाश, मध्यम. सेंद्रिय कर्ब, अगदीच कमी. दोन वर्षांचा घाम असा ओळीओळीने निकालात निघत होता आणि निमंत्रकांचा आवाज खाली खाली जात होता. तेवढ्यात शेवटून दुसऱ्या ओळीत त्यांना एक घसघशीत आकडा दिसला.

"लेड," टिपणीस खणखणीत आवाजात म्हणाले, "सहाशे चाळीस."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. लोहाने रक्त वाढतं तसं याने काहीतरी वाढत असणार, एवढा अंदाज टिपणीसांनी जागच्या जागी बांधला आणि दोन वाक्यांत तो सभेसमोर मांडलाही. ऋचा त्याच वेळी खांद्यावरची बॅग न उतरवता कामावरून थेट आत आली. टाळ्या थांबायची तिने वाट पाहिली आणि मग शांतपणे सांगितलं की लेड म्हणजे शिसं. चांगल्या मातीत ते पन्नासच्या आसपास असतं. मोठ्या माणसांना वाईट, लहान मुलांना फार वाईट, आणि पालेभाज्यांच्या पानांवर धूळ बसून पोटात जातं ते वेगळंच.

 गेल्याच रविवारी याच सभेने साठ अळूवड्या खाल्ल्या होत्या.

पुढचे चार दिवस सोसायटीत ज्ञानाला पूर आला. कुणी सांगितलं, मातीत हळद टाका. कुणी सांगितलं, शेणाचा सडा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून वाफ्यांतून सकाळभर फिरवलं. शिसं चुंबकाला चिकटत नाही असं ऋचाने सांगून पाहिलं, पण तोवर तीन खिळे आणि एक जुनी बिजागरी सापडल्याने गृहस्थांचा उत्साह वाढला होता. आम्ही दोन वर्षं खातोय, आम्हाला कुठे काय झालं, असं अध्यक्ष म्हणाले. त्यावर सगळ्यांनी अध्यक्षांकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांची काळजी वाढली.

खरी काळजी मात्र एकच होती आणि ती कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पहिल्या मजल्यावरच्या खलीलभाई काझी आणि सकीनाभाभींची नात नशरा. वय वर्षं चार. तिचं सगळं कामकाज बागेतच चाले. मातीच्या भाकऱ्या थापणे, त्या सगळ्यांना वाढणे, आणि कुणी खात नाही असं दिसलं की स्वतः चाखून दाखवणे. टिपणीसांनीही तिच्या भाकऱ्या कितीदा तरी खोट्या खोट्या खाल्ल्या होत्या आणि 'अजून एक वाढ' म्हणून तिला हुरूप दिला होता. ते आठवलं की त्यांना जेवण जाईना. सकीनाभाभींनी दुसऱ्याच दिवशी तिला रक्त तपासायला नेलं. नमुना मुंबईला जाणार होता, अहवालाला तीन आठवडे लागणार होते.

माणसाला फार वाईट वाटलं की तो दोषी शोधू लागतो. टिपणीसांना दोषी शोधायला लांब जावं लागलं नाही. बागेच्या भिंतीपलीकडे खलीलभाईंचं बॅटरीचं दुकान होतं. बॅटरीत शिसं असतं. मातीत शिसं आहे. दोन अधिक दोन. टिपणीसांनी सोसायटीच्या कागदावर एक पत्र लिहिलं. त्यात 'आपल्या आस्थापनेतून', 'निष्काळजीपणा' आणि 'याची गंभीर नोंद घ्यावी' असे शब्द होते. रमाबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, की ज्याच्या घरच्या पोरीचं रक्त तपासायला गेलंय त्यालाच हे पाठवणार का? टिपणीस म्हणाले, तत्त्व म्हणजे तत्त्व. पत्र गेलं. त्या रात्री दुधी होता.

दुसरं तत्त्व त्यांनी सभेत मांडलं. ही माती इथे एक दिवसही राहता कामा नये. सगळी वरची माती वीतभर खणायची, गोण्यांत भरायची आणि घालवून द्यायची.

चंद्रावतीबाई सभेला कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "टिपणीसभाऊ, माती बसलेली हाय. बसलेल्या मातीला कशाला उठवताव? खनाल ती धूल होऊन उरंल, नाकातोंडात जाईल. झाकून टाका वरून, न् भाजी नका लावू तिथं. आमी काय सांगताव ते ऐका."

ऋचाही म्हणाली की आजी बरोबर सांगतेय आणि आधी कुठे किती शिसं आहे ते जागोजाग तपासू या, एकाच डब्यावरून सगळी बाग ठरवू नका. पण तपासणीच्या आधी कारवाई झाली की माणसाला जो हलकेपणा वाटतो तो टिपणीसांना हवा होता. नाक रुमालाने बांधून, पाणी मारून, दोन रविवारांत आठ जणांनी ती बाग सोलून काढली. चौसष्ट गोण्या भरल्या. त्या फाटकाशी रचल्या आणि टिपणीसांनी आपल्या सुंदर वळणदार अक्षरात प्रत्येक गोणीवर लाल रंगाने लिहिलं, 'शिसे माती. हात लावू नये.'

आता प्रश्न उरला तो एवढाच, की घालवून द्यायची म्हणजे कुठे.

कचऱ्याच्या खात्यात सांगण्यात आलं की माती हा कचरा नाही. उद्यानाच्या खात्यात सांगण्यात आलं की मातीत झाड असतं तर गोष्ट वेगळी होती. आरोग्याच्या खात्यात म्हणाले, रुग्ण घेऊन या. प्रदूषणाचं काम पाहणाऱ्या कार्यालयातली एक बाई मात्र फार नीट बोलली. तिने चहा मागवला, अहवाल संपूर्ण वाचला आणि विचारलं, "तुमचा कारखाना कुठला?"

कारखाना नाही, टिपणीस म्हणाले, सोसायटी आहे. पण घातक कचरा कारखान्यातच तयार होतो, तिने समजावलं, आणि अर्ज कारखान्यालाच करता येतो. काय उत्पादन लिहू? टिपणीस थोडा वेळ विचार करून म्हणाले, अळू.

या सगळ्या चकरांत स्पर्धेच्या अर्जाची मुदत कधी उलटून गेली ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी निकेश नावाचा एक टेम्पोवाला भेटला. तो जासईचा. त्याच्या ओळखीचा एक जण कंटेनर यार्डासाठी खड्डा भरून वर काँक्रीट टाकणार होता. टिपणीसांनी त्याला फोनवर शिशाचं सगळं इत्थंभूत सांगितलं, अहवालातले आकडेसुद्धा वाचून दाखवले. तो म्हणाला, वर दीड फूट काँक्रीट हाय काका, खाली सिसा असंल नायतर सोना असंल, आमाला काय. वीस गोण्यांची पहिली खेप भरून टिपणीस स्वतः निकेशच्या शेजारी बसले. प्रामाणिक माणसाने विषाबरोबर जातीने जावं, असं त्यांना वाटलं.

गव्हाणफाट्याच्या अलीकडे एक सरकारी जीप आडवी आली. बेकायदा मातीवाहतूक पकडणारं पथक होतं. गोणीत काय, विचारलं. माती, निकेश म्हणाला. मग वाहतुकीचा परवाना दाखवा, माती हे गौण खनिज आहे. टिपणीस खाली उतरले आणि त्यांनी साहेबांना सांगितलं की ही तशी माती नाही, ही दूषित, विषारी अशी माती आहे. साहेबांनी दोन पावलं मागे सरून विचारलं, मग विषारी मालाचा परवाना दाखवा. तो कारखान्यालाच मिळतो, टिपणीस म्हणाले. मग ही साधी माती समजा आणि साधा परवाना दाखवा, साहेब म्हणाले. असं अर्धा तास चाललं. माती म्हणावी तर एक गुन्हा, विष म्हणावं तर दुसरा, आणि दोन्ही नाही म्हणावं तर गोण्यांत आहे तरी काय, हा तिसरा प्रश्न. शेवटी साहेबांना त्यांच्या वयाची दया आली. ते म्हणाले, आजोबा, जिथून आणलीत तिथे परत न्या, तेवढ्याला परवाना लागत नाही.

'आजोबा' हा शब्द टिपणीसांच्या मनाला गोण्यांपेक्षा जड गेला. 

वीस गोण्या उतरवून झाल्यावर त्यांनी सवयीने सगळ्या मोजल्या. त्रेपन्न भरल्या. पुन्हा मोजल्या. त्रेपन्नच.

अकरा गोण्या गेल्या होत्या.

पहिल्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी पुढे कुणाजवळही कबूल केला नाही. जिच्यासाठी चार कार्यालयं पालथी घातली ती माती आपल्या पायांनी चालू लागली होती. दुसऱ्या क्षणी पुढचं लक्षात आलं. ती कुणाच्या तरी कुंडीत, कुणाच्या तरी कोथिंबिरीखाली जाऊन बसली असणार. त्यांनी रामूला बोलावलं. रामू हा सोसायटीचा जुना पहारेकरी. सत्यवचनी माणूस. गोण्या कुणी नेल्या, हे त्याला नक्की माहीत होतं, कारण त्यानेच उचलायला हात दिला होता.

"तुम्हीच तर सांगत होता साहेब," रामू म्हणाला. "लॅबमधून तपासून आलेली माती आहे. लोकांनी विचारलं, मी तेच सांगितलं."

आणि वर लिहिलेलं? रामूच्या मते त्या लिहिण्यानेच घोटाळा झाला. पनवेलात आजकाल कुंडीभर चांगली माती मिळायची मारामार. त्यात तपासलेली, गोणीत भरलेली, आणि वर इतक्या सुंदर अक्षरात 'हात लावू नये' लिहिलेली. 'शिसे' हे लोकांना कंपनीचं नाव वाटलं होतं.

टिपणीस माती शोधायला निघाले. दोन गोण्या एका इस्त्रीवाल्याच्या तुळशीखाली सापडल्या. एक एका शिक्षिकेच्या गच्चीवर मिरच्यांना घातलेली होती. तिने ती परत केली, पण आधी टिपणीसांकडून ओळखपत्र मागितलं. उरलेल्या आठांचा माग मात्र थेट नीलपर्णी सोसायटीत जात होता. नीलपर्णी म्हणजे पलीकडच्या गल्लीतली, आणि त्याच स्पर्धेतली. तिथल्या सचिवाचं नाव कल्पेश. तिशीतला, हसतमुख, हातात सतत फोन. त्याने टिपणीसांना बागेतच नेलं. आठही गोण्या नव्या वाफ्यांत पसरून झाल्या होत्या. आणि परीक्षक कालच येऊन गेले होते.

"काका, पहिला नंबर आला आपला," कल्पेश म्हणाला. "मातीच्या पोताला तर वेगळा उल्लेख दिलाय."

टिपणीसांच्या मनात त्या वेळी एकाच दमात इतक्या गोष्टी झाल्या की त्यांना त्या एकेक करून मोजाव्या लागल्या. पोत त्यांचा होता. दोन वर्षं त्यांनी त्यात पालापाचोळा आणि ताक जिरवलं होतं. बक्षीस, खरं तर, त्यांच्याच मातीला मिळालं होतं. पण ते सांगायचं तर ती विषारी आहे हेही सांगायला हवं. त्यांनी सगळं सांगितलं. कल्पेशने ते हसत ऐकून घेतलं आणि अतिशय गोड शब्दांत सुचवलं की काकांनी स्पर्धेत भाग घ्यायला हवा होता, म्हणजे असं मनाला लागलं नसतं. टिपणीसांनी अहवाल दाखवला. कल्पेश म्हणाला, यात नुसतं 'सोनसळी' लिहिलंय, नीलपर्णी कुठेय? आयुष्यात पहिल्यांदाच टिपणीसांना स्वतःचं विष परत मिळावं म्हणून हात जोडावे लागत होते, आणि समोरचा माणूस त्यांच्याकडे हेवा करणारा म्हातारा म्हणून पाहत होता.

ते घरी आले तर ऋचा दारात उभी होती. निमंत्रकांची वाट न पाहता तिने आपली आपण बागेत चौदा ठिकाणी, खणलेल्या थराच्या खालून आणि कडांवरून माती घेऊन तपासली होती. तिने एक नकाशा काढून आणला होता. बाराही वाफ्यांत ठिकठिकाणी चाळीस, पन्नास, साठ. सगळं स्वच्छ. फक्त पश्चिमेच्या कठड्याला लागून दोन हात रुंदीची एक पट्टी लाल होती. तिथे सहाशेपासून दोन हजारांपर्यंत. श्रीखंडाच्या डब्यात माती तिथूनच आली होती, कारण वाकायला धरायला कठडा होता.

भिंतीपलीकडचं दुकान पूर्वेला होतं. पश्चिमेच्या पट्टीशी त्याचा काही संबंध नव्हता.

"तो कठडा कुठून आणला होता काका?" ऋचाने विचारलं.

टिपणीसांना उत्तर येत होतं, हीच अडचण होती. कठडा एका पाडलेल्या जुन्या बंगल्याचा. भंगारात जाणारा तो वेलबुट्टीचा लोखंडी कठडा त्यांनीच हेरला, त्यांनीच आणवला, आणि त्याच्यावरचे पाच थरांचे जुने रंग तीन रविवार सँडपेपरने घासून घासून त्यांनीच काढले. जुन्या काळच्या तेलरंगात शिसं असायचं, ऋचा हळू आवाजात सांगत होती. त्या घासकामाचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर होते. एकात टिपणीस पिवळ्या धुळीने माखलेले हसत उभे होते आणि खाली त्यांनीच लिहिलं होतं, 'श्रमदान.'

आणि ती पट्टीभर माती त्यांनीच बाकीच्या स्वच्छ मातीबरोबर चौसष्ट गोण्यांत सारखी वाटून टाकली होती.

रमाबाईंनी सगळं ऐकलं.  त्यांनी चहाचा कप पुढे ठेवला, आणि दुधीपेक्षा ते फार वाईट होतं.

चहा तसाच ठेवून टिपणीस पहिल्या मजल्यावर उतरले. दार खलीलभाईंनीच उघडलं. टिपणीस जिन्यात तीन वाक्यं जुळवत आले होते, ती एकदम विसरले.

"या टिपणीस साहेब," खलीलभाई म्हणाले. "तुमचं खत मिळालं."

टिपणीसांना वाटलं, गांडूळखत. सकीनाभाभींना त्यांनी एक पिशवी कबूल केली होती. ते म्हणाले, छे छे, ते अजून तयार व्हायचंय. मग खलीलभाईंच्या हातातला सोसायटीचा कागद त्यांना दिसला. खलीलभाईंनी तो घडी घालून ठेवला होता आणि त्याच्याबरोबर एक फाइल होती. प्रत्येक जुनी बॅटरी कुणाला, कधी, कोणत्या पावतीवर परत दिली याची. ती ते टिपणीसांना दाखवायला पत्र आल्यापासून हाताशी घेऊन होते. त्यांनी फाइल पुढे केली.

"नको," टिपणीस म्हणाले. "शिसं मीच आणलं, खलीलभाई. कठड्याचा रंग. माझ्या हाताने घासला. तुम्हाला पत्र लिहिलं ते चुकलं माझं. फार चुकलं."

खलीलभाईंनी फाइल मागे घेतली. आतून नशराचा आवाज येत होता. ती कुणाला तरी खोटी बिर्याणी वाढत होती.

"पत्राचं दुःख नाही साहेब," ते शेवटी म्हणाले. "तेहतीस वर्षं दुकान आहे, लोक काय काय बोलतात. पण हिचा रिपोर्ट यायचा आहे आणि तुम्ही एकदाही विचारायला आला नाहीत, ते लागलं."

टिपणीस तिथेच बसले. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच ते पुन्हा येऊन बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. मधल्या वेळात नशराने त्यांना चौदा वेळा बिर्याणी वाढली. सव्वादोनला खलीलभाईंचा फोन वाजला. शिसं होतं, पण थोडं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, हात धुवा, दूध-भाजी नीट खाऊ द्या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. सकीनाभाभींनी डोळ्यांना पदर लावला. टिपणीसांनी खिशातला रुमाल काढला, पण तो गोण्यांच्या कामाचा निघाला, म्हणून परत ठेवला.

त्या आनंदाच्या भरात त्यांच्या हातून शेवटची चूक झाली. त्यांनी घरी जाऊन फोनवर एक जाहीर निवेदन लिहिलं. सोनसळीच्या फाटकावरून ज्यांनी ज्यांनी माती नेली असेल त्यांनी ती परत आणून द्यावी, तिच्यात शिसं आहे, चूक माझी आहे, कुणाला काही विचारलं जाणार नाही. खाली पूर्ण नाव आणि फ्लॅट नंबर. ते त्यांनी पाच ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत ते खांदेश्वरपासून करंजाच्या बंदरापर्यंत फिरून आलं, आणि फिरताना थोडं बदललं. 'सोनसळीची माती' हे शब्द वाटेत कुठेतरी गळून पडले. उरलं ते एवढंच, की मातीत शिसं सापडलंय आणि नवीन पनवेलातले टिपणीस ती परत घेतात.

पहाटे रामूने दार वाजवलं. फाटकाशी रांग लागली होती. नीलपर्णीच्या आठ गोण्या सगळ्यात पुढे होत्या. त्या घेऊन कल्पेश स्वतः आला होता, आज हसत नव्हता, आणि बक्षिसाचं प्रमाणपत्रही त्याने सोबत आणलं होतं, ते कुठे टाकायचं असं विचारत होता. बाकीच्यांपैकी एकालाही टिपणीस ओळखत नव्हते. लोकांनी कुंड्या आणल्या होत्या, टब आणले होते, बालदीत भरून गच्चीवरची माती आणली होती. कुणी मेलेल्या गुलाबासकट कुंडी ठेवून गेलं. एक गृहस्थ दोन पिशव्या सिमेंटचं डबर ठेवताना सापडले. ते म्हणाले, तुम्ही घेताय तर म्हटलं. अकरा गोण्या गेल्या होत्या, नऊ वाजेपर्यंत एकशे सात आल्या.

टिपणीस फाटकात उभे राहून हसायला लागले. आधी हळू, मग आवरेना. रमाबाई गॅलरीत आल्या, त्यांनी खाली पाहिलं, आणि त्याही हसायला लागल्या. खलीलभाई दुकानाचं शटर अर्धवट सोडून आले. चंद्रावतीबाईंनी खुर्ची बागेतून उचलून फाटकाशी आणून टाकली, पदर खोचला आणि पहिल्यांदाच बागेचा ताबा घेतला.

"आता कुठं न्यायाची नाय," त्या म्हणाल्या. "हितंच ठेवाची. मी सांगताव तशी."

त्या सांगत गेल्या आणि ऋचा त्याला शास्त्रीय नावं देत गेली. पश्चिमेच्या कोपऱ्यात कठडा काढून तळाशी जाड कापड अंथरलं. त्यावर सगळी माती ओली करून रचली. सोनसळीची, नीलपर्णीची आणि ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत त्या सगळ्या पनवेलकरांची. वरून पुन्हा कापड, वर हातभर चिकणमाती, वर गवताचे तुकडे. भाजीसाठी पलीकडे विटांचे उंच वाफे बांधले आणि त्यांत नवी, खरोखर तपासलेली माती भरली. फावड्यांवर आठ जण, कुदळीवर चार, पाण्याच्या नळीवर टिपणीस. कल्पेशने दोन दिवस पाट्या वाहिल्या. प्रमाणपत्र त्याने बहुधा सगळ्यात खाली टाकलं.

काम संपलं तेव्हा सोनसळी सोसायटीच्या मागे चांगली पुरुषभर उंचीची एक टेकडी उभी राहिली होती. ज्या तालुक्यात डोंगर सपाट होताना सगळ्यांनी पाहिलेत तिथे नवी टेकडी निघाल्याचं बघायला लोक अजून येतात. तिच्यावर गवत धरलंय, कडेने झेंडू लावलाय. खायचं काही लावायचं नाही, एवढाच नियम.

दुसरा नियम नळाचा. बागेतून बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे आणि दाखवायचे. तपासायचं काम नशराने स्वतःकडे घेतलं आहे. ती नळाजवळ उपड्या बालदीवर बसते, रोज संध्याकाळी, आणि सगळे तिच्यापुढे रांगेने उभे राहतात. अध्यक्षांना ती सोडते. खलीलभाईंना सोडते. चंद्रावतीबाईंना तर ती हात न बघताच सोडते.

परवा टिपणीसांची पाळी आली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. नशराने एकेक बोट धरून, फिरवून, नखाखाली पाहिलं. तेहतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासलेला माणूस श्वास रोखून उभा होता.

"टिपणीस आजोबा," ती म्हणाली, "परत धुऊन या."

आणि टिपणीस, मागच्या रांगेकडे न बघता, परत नळाकडे गेले.